जास्मिनच्या नावाची पेटी

१

दुसरा झुरका झाला आणि झिशाननं सिगार राखदाणीच्या कडेला ठेवून दिली. विझवली नाही, फेकली नाही, नुसती ठेवली. मग लाकडी पेटी मांडीवर ओढून तो आत बघत बसला. जत्रेत आपलं पोर समजून हात धरावा आणि वळून बघितलं तर भलतंच पोर निघावं, तसा चेहरा.

"ह्या अब्बांच्या नाहीत," तो म्हणाला.

निरंजनच्या गच्चीवरल्या बाकीच्यांनी आपापली सिगार खाली घेतली. आणि मग, कुणी कुणाला खूण केली नसताना, सगळ्यांच्या माना हिंदुरावकडं वळल्या.

हिंदुरावकडंच का, तर त्याला कारण होतं.

निरंजनचं तळवड्यात गाड्यांचे सुटे भाग ठोकायचं वर्कशॉप. त्याच्या निगडी प्राधिकरणातल्या या गच्चीवर दर रविवारी दुपारी पाच जण सिगार ओढायला जमायचे. नियम एकच, क्युबाचं नाव काढायचं नाही. ज्यानं काढलं त्यानं सगळ्यांना भजी खिलवायची. क्युबाची सिगार चांगली असते हे सांगायला माणूस लागत नाही, आणि आपल्याकडं क्युबाची म्हणून जी हातात पडते ती कुठल्या गल्लीत वळलेली असते ते देव जाणे. त्यामुळं भांडण सगळं निकाराग्वा, होंडुरास आणि डॉमिनिकनवाल्यांचं. नवख्यानं कुठल्या देशापासून सुरुवात करावी, मटणावर कुठली चालते, कुठली नुसती नावाला मोठी. नाव बघून कुणी कौल देऊ नये म्हणून सिगारची कागदी पट्टी आधी उतरवायची आणि मग ओढायला द्यायची, अशी त्यांची रीत.

पट्ट्या उतरवायचं काम पूर्वी हिंदुरावकडं होतं. चाकण-भोसरीत जुनी मशिनं घेणारा-विकणारा हा माणूस, पन्नाशी गाठली तरी अंगातला वाह्यातपणा गेला नव्हता. एकदा त्यानं दिंडीगलची साधी देशी चिरूट उंची डॉमिनिकन म्हणून फिरवली. समाधान नावाचा तळवड्याच्या आयटी पार्कातला पोरगेला साहेब त्यांच्यातला समीक्षक. त्यानं व्हॉट्सॲप ग्रुपवर तिच्याबद्दल लांबलचक लिहिलं, की सुरुवातीला भिजल्या चामड्याचा गंध येतो आणि शेवटी कोको रेंगाळतो. हिंदुराव हसता हसता फरशीवर बसला होता. त्या दिवसापासून पट्ट्यांचं काम काढून घेतलं आणि नाव कायमचं लागलं. कुणाची चप्पल सापडेना, हिंदुराव. कुणाचं लायटर पेटेना, हिंदुराव.

पण आजची पेटी चपलेसारखी नव्हती.

झिशानचे वडील रहिमानचाचा चिंचवड स्टेशनजवळ दुकान चालवायचे. पुढं अत्तर आणि सुकामेवा, मागच्या कपाटात सिगारी. या पाचही जणांना सिगार धरायला त्यांनीच शिकवलं. नात झाली, जास्मिन, तेव्हा चाचांनी निकाराग्वाची एक पेटी बाजूला काढली. हिच्या निकाहला मित्रमंडळींनी ओढायची, तोवर हात लावायचा नाही. सिगारवाल्यांत असं करतात, पोर वाढतं तशी तंबाखूची पानंही निवतात, तिखटपणा जातो. पोर वाढलं, चाचा गेले. दुकानात उकाडा, म्हणून पेटी निरंजनच्या दिवाणखान्यात ओलावा राखणाऱ्या कपाटात ठेवलेली. कपाटाची किल्ली शेजारच्या खिळ्याला, पाचही जणांना माहीत.

जास्मिनचा निकाह येत्या शुक्रवारी होता. सिगारी निवल्यात का बघावं म्हणून झिशाननं आज पेटीतल्या काही काढल्या, दुकानातून त्याच जातीच्या कोऱ्या आणल्या, आत जाऊन दोन्हींचे सेलोफेन आणि पट्ट्या उतरवल्या आणि मंडळींना दिल्या. जुनी कुठली, नवी कुठली, सांगा.

दीपमाला म्हणाली दोन्ही एकच आहेत. चाकणच्या एका मोठ्या कंपनीत खरेदी विभागात असलेली ही बाई चवीत कुणाला ऐकायची नाही. समाधान म्हणाला डाव्या हातातली जुनी आणि तिला गवती चहाचा वास येतोय. यावर सगळे पोट धरून हसले. मग झिशाननं स्वतः डावी, म्हणजे पेटीतली, पेटवली. घशाला मिरचीसारखी लागली. वीस-बावीस वर्षं निवलेली सिगार अशी लागत नाही.

"हिंद्या," झिशान म्हणाला. दोघं भोसरीच्या शाळेत एका बाकावर होते, तेव्हापासूनचं हे नाव. "हसून झालं असेल तर सांग, कुठं ठेवल्यात."

आणि हिंदुरावला हसू आलं. घाबरला की त्याला हसू यायचं, हा लहानपणापासूनचा रोग. ते हसू झिशाननं बघितलं आणि उठून उभा राहिला.

"अब्बांच्या हातची शेवटची चीज होती ती. शुक्रवारच्या आत पेटी आली तर ये. नाही आली तर निकाहला येऊ नकोस."

जास्मिन जन्मली तेव्हा दवाखान्याच्या बाकड्यावर झिशानशेजारी हाच बसलेला होता. शुक्रवारी वऱ्हाडाच्या स्वागताला दारात हाच उभा राहणार होता. हिंदुरावनं शपथ घेतली, आईची घेतली, पोरांची घेतली. एकाचाही विश्वास बसलेला दिसला नाही. जाताना त्यानं फक्त एक गोष्ट केली. झिशाननं आत उतरवून टाकलेलं एक सेलोफेन कचऱ्यातून उचललं आणि खिशात घातलं.

२

दिघीत घरी आल्यावर त्यानं ते टेबलावर पसरलं.

सेलोफेन म्हणजे सिगारवरचा पारदर्शक कागद. नवा असतो तेव्हा काचेसारखा. वर्षं जातील तशी आतली तंबाखू त्याला रंग देते, आधी फिका पिवळा, मग मधासारखा. सिगारवाले वय ओळखतात ते त्याच्यावरूनच. पेटीतलं हे सेलोफेन मस्त मधाळ होतं. म्हणून तर झिशानला उतरवताना शंका आली नव्हती. बाहेरून म्हातारी आणि आतून कालचं पोर.

हिंदुरावकडं चाचांनी दिलेली एक जुनी सिगार देवघराच्या वरच्या फळीवर होती. बायको नाक मुरडायची, पण काढू द्यायची नाही, चाचांची म्हणून. ती त्यानं शेजारी ठेवली.

आता जुन्या मशिनांच्या धंद्यात माणूस काय शिकतो? भंगारातलं लेथ रंगवून नवं म्हणून विकायला आणलेलं त्यानं खंडीभर बघितलेलं. खरं मशिन जिथं हात लागतो तिथं झिजतं, जिथं लागत नाही तिथं तसंच राहतं. लबाड माणूस मात्र ब्रश घेऊन सगळीकडं सारखा रंग मारत सुटतो, जिथं कुणाचा हात जन्मात पोचणार नाही तिथंसुद्धा.

चाचांच्या सिगारचं सेलोफेन पानाला चिकटून होतं तेवढंच पिवळं झालेलं. खाली दुमडलेलं रिकामं टोक, जिथं तंबाखू नाही, ते अजून स्वच्छ. पेटीतलं सेलोफेन? टोकापासून टोकापर्यंत एकच रंग, दुमड उलगडली तर तिच्या आतसुद्धा.

कुणीतरी रंगवलं होतं. आणि एक रंगवून भागणार नव्हतं, पेटीतली झाडून सगळी रंगवली असणार.

हिंदुराव खुर्चीत मागं रेलला आणि त्याला मनातून बरं वाटलं, कारण हे काम चेष्टेखोराचं नव्हतं. चेष्टा करणाऱ्याला पकडलं जायचंच असतं, राव. नाहीतर मजा कसली? तो कुठंतरी टोक बाहेर ठेवतो, ग्रुपवर चावट इमोजी टाकतो, आणि कुणी ओरडायच्या आधीच त्याला हसू फुटतं. इथं मात्र कुणीतरी बसून एकेक कागद उतरवला, रंगवला, वाळवला, परत चढवला. त्याला कुणी कधीच हसू नये अशी इच्छा होती. हे कळू नये म्हणून केलेलं काम होतं.

आणि करणारा सिगारवाला होता. बाहेरच्या चोराला सेलोफेन पिवळं पडतं हे कुठून ठाऊक असणार? गच्चीवरल्या पाचांतलाच एक होता. हिंदुराव स्वतः सोडला तर चौघं.

त्या चौघांतल्या एकानं हे करताना एवढाही विचार केला असणार, की उद्या कळलंच तर नाव कुणाचं येईल. या विचारानं मात्र हिंदुरावला हसू आलं नाही.

३

सोमवारी पहिला तो झिशानच्याच दुकानात गेला. त्याच्याबद्दलही शंका घ्यायची म्हणजे घ्यायची. त्या जातीच्या कोऱ्या सिगारी या भागात दुसरीकडं मिळतच नाहीत, आणि जुनी पेटी हौशी माणसाला किती हवीहवीशी असते ते झिशानएवढं कुणाला कळणार.

त्या दुकानात हिंदुरावला आजवर कधी सुलेमानी चहा मागावा लागला नव्हता. आज विचारलाही नाही. झिशान गिऱ्हाइकाशी बोलावं तसं तुटक बोलला. त्या जातीची अख्खी पेटी गेल्या कित्येक महिन्यांत कुणी नेली नाही, सुट्या दोन-चार गेल्या असतील. आणि हे विचारून काय करणार, पेटी आण म्हटलंय. हिंदुराव बाहेर पडला तेव्हा एवढं कळलं होतं, की चोरानं कोऱ्या सिगारी बाहेरून आणल्या. झिशान तर यादीतून गेलाच. त्याला स्वतःचीच पेटी लंपास करायची असती तर ती सगळ्यांसमोर उघडून परीक्षा कशाला मांडली असती?

बाहेरून, म्हणजे परदेशातून. अलीकडं विमानतळ दोघांनी बघितलेला. समाधान कंपनीच्या कामानं अमेरिकेला जाऊन आला होता आणि निरंजन मशिनांच्या प्रदर्शनाला दुबईला.

समाधाननं त्याला आयटी पार्काच्या कँटीनमध्ये ग्रीन टीची पुडी गरम पाण्यात बुडवून दिली. चव कोमट पाण्याची. पोरगा उदगीरचा, रागावला की बोली वर यायची.

"मला खरंच लागला ओ गवती चहा. तुमी समदे हासलाव. त्या चिरूटपासून माझ्या जिभेची किंमतच नाही राहिली तुमच्यापाशी."

हिंदुराव नेहमीप्रमाणं काहीतरी टोमणा मारणार होता, पण त्यानं कप तोंडाला लावला. पोराच्या डोळ्यांत खरंच दुखलेलं दिसत होतं. मग समाधाननं आवाज खाली आणून आपला संशय सांगितला. दीपमालाताईंनी चव बघताच सांगितलं की दोन्ही एकच. एवढ्या पटकन कसं कळलं? आधीच माहीत असल्याशिवाय?

हिंदुराव तिथून निघाला तो थेट घरी. डोक्यात एकच किडा. सगळे ज्याला हसले, ते खरं असलं तर?

बायकोला त्यानं दोन वाट्या कढत पाणी मागितलं. एका वाटीत चाचांच्या सिगारच्या सेलोफेनचा तुकडा कापून टाकला, दुसऱ्या वाटीत पेटीतल्याचा. पहिल्या वाटीतलं पाणी होतं तसंच राहिलं. दुसऱ्या वाटीत कागदाच्या कडेनं तांबूस धार सुटली, पाण्यात पसरली, आणि वाफेबरोबर जो वास वर आला तो ओळखायला समीक्षक लागत नव्हता.

बायको म्हणाली, "कोण आजारी आहे? गवती चहा कुणाला उकळलाय?"

४

सिगारच्या पानाला शेजाऱ्याचा वास लागतो, म्हणून तर ती मसाल्याच्या कपाटात ठेवत नाहीत. चहात रंगवलेल्या कागदात गुंडाळली तर ती तेवढं पिणारच. समाधानच्या जिभेनं ते बरोबर पकडलं होतं. आणि ज्याचा हात चहात होता त्यानं आपण होऊन गवती चहाचं नाव कशाला घेतलं असतं? समाधान सुटला.

राहिले दीपमाला आणि निरंजन.

मंगळवारी तो चाकणला गेला. कंपनीच्या गेटवर अर्धा तास पास, हेल्मेट आणि सह्या, मग आत काचेच्या खोलीत दीपमाला. तिनं बटण दाबून मशिनचा चहा दिला, दूध-साखर-पावडर एकाच नळीतून. ती समोर बसून त्याच्याकडं अशी बघत होती की हाच आता काहीतरी लपवून नेईल.

"तुम्ही तपास करताय म्हणे," ती म्हणाली. "चोर स्वतःच तपास करतो असं मी पहिल्यांदाच बघतेय."

हिंदुरावनं दोन वाट्यांची गोष्ट सांगितली. ती ऐकता ऐकता तिचा चहा निवला. तिनं समाधानवरचा आपला संशय सांगितला, अमेरिका वगैरे, आणि मग मधेच थांबली. खिडकीतून खाली ट्रक लागले होते तिकडं बघत राहिली. हिंदुरावला वाटलं हिला काहीतरी आठवलंय आणि ते सांगायचं नाहीये. त्यानं विचारलं नाही. मशिन विकताना एक गोष्ट त्याला पाठ झालेली, समोरचा गप्प झाला की आपण त्याहून गप्प व्हायचं.

शेवटी तीच बोलली. त्यांच्याकडं नवे मोठे साहेब, व्हीपी, आलेत दिल्लीहून, सिगारचे शौकीन. त्यांना नवीन काही नको असतं, नवीन त्यांच्याकडं कपाटभर आहे. त्यांना मुरलेलं पाहिजे. हे सगळं दीपमालानं एकदा गच्चीवर गप्पांत सांगितलं होतं. आणि महिन्याभरापूर्वी त्यांच्या टेबलावर तिनं एक उघडलेलं पार्सल बघितलं. आत लाकडी पेटी होती, दुरून दिसली तेवढीच. त्याच सुमाराला गाडीच्या एका ब्रॅकेटची मोठी ऑर्डर ठरत होती. माल पुरवायला दोन व्हेंडर होते, एक कोइमतूरचा.

"आणि दुसरा?"

"दुसरा आपला निरंजन," ती म्हणाली. "मी त्या फाईलपासून लांब राहिले होते, ओळख आहे म्हणून. मला खरंच माहीत नव्हतं, हिंदुराव. पण तुम्ही म्हणाल की माझ्याच तोंडून बातमी गेली, तर ते खोटं नाही."

हिंदुराव पायऱ्या उतरला. ज्याच्या गच्चीवर बसून आपण वर्षानुवर्षं रविवार काढले, त्याच्याच वर्कशॉपला आता जायचं होतं. आणि दुरून दिसलेली पेटी आणि मनातली शंका यांवर त्याच्या तोंडावर जाऊन काय बोलणार? लोक म्हणतील, बघा, आता दुसऱ्यावर ढकलतोय.

बुधवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो तळवड्यात पोचला. निरंजन बाहेर गेलाय हे बघूनच. प्रेस मशिनं बंद होती, कामगार डबे उघडून बसलेले. बोअरवेलच्या पाण्याजवळ गवती चहाचं चांगलं कमरेएवढं माजलेलं झुडूप होतं, आणि शेजारी पत्र्याखाली इंदुताईंचा स्टोव्ह. मावळातल्या, इथं कँटीन चालवायला येऊन केस पांढरे झालेले.

त्यांनी न विचारता कप पुढं केला. पहिल्या घोटाला हिंदुरावला समाधानची आठवण झाली.

पण गवती चहा कुणाच्याही परसात उगवतो, तेवढ्यानं कुणी चोर ठरत नाही. त्यानं इकडचं तिकडचं बोलणं काढलं, गॅस महागला, पोरं इन्स्टावर असतात, आणि मग सहज विचारलं की साहेबांना चहा कसा लागतो.

"साह्यबांचं काय विचारता," इंदुताई म्हणाल्या. "येकदा रविवारचं मला बोलावलं. कंपनी बंद, माणूस न्हाई. म्हनं पातेलंभर कोरा चहा करा, दूध न्हाई, साखर न्हाई, चांगला काळाकुट्ट. मी म्हनलं पाव्हणे येत्यात जनू. केला. सवयीनं गवती चहा बी टाकला. आन् कुनी प्यालंच न्हाई की. पातेलं घिऊन केबिनात बसलं दार लावून. दुसऱ्या दिशी पातेलं रिकामं व्हतं, पर कप येक बी उष्टा न्हाई."

"मग चहा गेला कुठं?"

"आमी काय इचारावं? साह्यब हाईत. पर दोरीवर कसले तरी चकचकीत कागद वाळत घातल्यालं व्हते, चॉकलेटच्या कागदावानी. ते मी बघितले."

५

गुरुवारी दुपारी दीपमालानं सगळ्यांना गच्चीवर बोलावलं. हिंदुरावनं बोलावलं असतं तर झिशान आला नसता. आला तोही उभाच राहिला, शेरवानी आणायला जायचंय म्हणाला.

हिंदुरावनं थर्मास आणि दोन वाट्या मांडल्या आणि अजिबात घाई केली नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याला एवढी शांतता मिळाली होती आणि तीही चेष्टा न करता. त्यानं सेलोफेनचं टोक दाखवलं. कढत पाणी ओतलं. वास उठला तसा समाधान ताठ बसला, पोराच्या तोंडावर बक्षीस मिळाल्यासारखं समाधान पसरलं. मग दुबई, मग चाकणची ऑर्डर. आणि कोरा चहा.

इंदुताईंचं नाव त्यानं घेतलं नाही. त्यांना तिथंच काम करायचं होतं. एवढंच म्हणाला, की रविवारी बंद कंपनीत दोरीवर कागद वाळत होते.

निरंजन सुरुवातीला हसला. मग म्हणाला, याच्या दोन वाट्यांवर तुम्ही विश्वास ठेवणार? याच्या? दीपमाला नुसती म्हणाली, की पार्सल मी टेबलावर बघितलंय. तिथं तो थांबला.

"चाळीस घरं आहेत माझ्या मागं," तो म्हणाला. "ऑर्डर कोइमतूरला गेली असती तर दिवाळीआधी शटर. साहेबांना जुनीच पाहिजे होती. दुबईहून कोरी पेटी आणली आणि आतल्या सिगारींची अदलाबदल केली. मी म्हटलं निकाहला बिर्याणीवर ओढतील, कोण एवढं बघतंय. आधीच चव घ्यायचं झिशानच्या डोक्यात येईल असं वाटलं नाही."

"आणि कळलं असतं तर?" हिंदुराव म्हणाला.

निरंजननं त्याच्याकडं बघितलं नाही. "तर तुझ्यावर गेलं असतं. मला वाटलं, तुझं काय, तू हसून सोडून देशील. तू सगळंच हसून सोडतोस."

आता हिंदुरावला हसू येईल असं सगळ्यांना वाटलं. आलं नाही.

झिशान एकच वाक्य बोलला, फोन लाव. निरंजननं स्पीकरवर व्हीपी साहेबांना फोन लावला आणि चाचरत विचारलं, की ती पेटी, सर, जरा घरगुती अडचण आहे, राहिलेल्या असतील तर. पलीकडून मोकळं हसणं आलं. अरे वो? वो तो हमने गुरुग्रामवाले डायरेक्टर साहब को भेज दी थी, बर्थडे था. और उन्होंने शायद जापानवालों को गिफ्ट कर दी. बढ़िया चीज थी, हमने तो खोली भी नहीं.

फोन बंद झाला. रहिमानचाचांनी नातीसाठी जपलेली पेटी कुणीच ओढली नव्हती आणि बहुतेक कुणी कधी ओढणारही नव्हतं. एका केबिनमधून वरच्या केबिनमध्ये, तिथून आणखी वरच्या, अशी ती जगभर सलाम ठोकत फिरत राहणार होती.

निरंजन आपल्याच घराच्या जिन्यावरून खाली गेला, पाहुण्यासारखा, कठड्याला धरून. दीपमाला आणि समाधानही थोड्या वेळानं उठले. समाधान जाताना हिंदुरावच्या खांद्यावर हात ठेवून गेला.

झिशान गेला नाही. खुर्ची ओढून बसला. शेरवानी आणायची राहून गेली. खाली रस्त्यावर भाजीवाल्याचा टेम्पो रेकॉर्ड लावून गेला, कांदा-बटाटा, कांदा-बटाटा.

"जास्मिन पहिल्याच दिवशी म्हणाली होती," झिशान म्हणाला. "म्हणाली, काकांनी केलं असतं तर आधी मला फोन करून सांगितलं असतं. त्यांना पोटात ठेवता येत नाही. मी तिला ओरडलो."

"पोरगी हुशार आहे. तुझ्यावर गेली नाही."

"मी तुला विचारलंच नाही रे हिंद्या. सरळ ठरवूनच टाकलं." त्यानं खुर्ची हिंदुरावकडं वळवली. "पण आता खरं सांग. त्या दिवशी मी तुला बाजूला घेऊन नीट विचारलं असतं, की बाबा, तू घेतल्यास का, तर तू सरळ नाही म्हणाला असतास?"

हिंदुरावनं तोंड उघडलं. हो म्हणायचं होतं. शपथेवर म्हणायचं होतं. पण समोर शाळेपासूनचा माणूस बसलेला, आणि आज दुपारी या गच्चीवर एवढं खोटं उघडं पडलं होतं, की त्यात स्वतःचं आणखी एक टाकायला त्याची जीभ रेटेना.

"नाही," तो म्हणाला. "आधी थोडा खेळवला असता तुला."

झिशाननं त्याच्याकडं रोखून बघितलं. मग त्याच्या गालाची शीर हलली, मग खांदे, आणि मग दोघं असे हसत सुटले की खालून निरंजनची बायको काय झालं म्हणून जिन्याशी आली. बराच वेळ थांबता येईना. हसता हसता झिशानचे डोळे भरले, अब्बांच्या आठवणीनं की आणखी कशानं, ते हिंदुरावनं विचारलं नाही.

"उद्या लवकर ये," झिशान डोळे पुसत म्हणाला. "वऱ्हाड अकराला आहे. दारात तूच उभं राहायचंस. आणि नवऱ्याचे बूट चोरीला गेले, तर तूच नेलेस असं धरून चालणार आहे मी."

"बूट तर नेणारच," हिंदुराव म्हणाला. "जास्मिनला तसं सांगून ठेवलंय."